चौदा महिने वापरलेला कन्सोल आणि त्याची डावी स्टिक

हे लिहायला घेतलं तेव्हा कन्सोल घेऊन चौदा महिने झाले होते. पहिले तीन महिने भेटेल त्याला मी एकच सांगत होतो, डोळे झाकून घे. ते मागे घेतो. पूर्ण नाही, अर्धं. कुठलं अर्धं ते खाली येईलच, पण क्रमाने येईल याची खात्री नाही. कालच सर्व्हिस सेंटरशी बोलण्यात चाळीस मिनिटं गेलीत आणि डोकं अजून तापलेलं आहे.

कंपनीचं नाव घेणार नाही. एक तर भांडण मिटलेलं नाही. शिवाय ज्या दोषाबद्दल बोलणार आहे त्या बाबतीत तिन्ही बड्या कंपन्या (सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो) एकाच माळेचे मणी आहेत, एकीलाच धुऊन काढण्यात अर्थ नाही.

आधी कौतुक उरकून टाकतो. पेटी शांत आहे. मागच्या पिढीतल्या माझ्या कन्सोलचा पंखा सुटला की संवाद ऐकू यायचे नाहीत, सबटायटल लावून खेळायचो. हा तासन् तास चालला तरी कान जवळ नेल्याशिवाय कळत नाही. एसएसडीमुळे, म्हणजे आतल्या वेगवान साठवणीमुळे, लोडिंग इतकं घटलंय की पडद्यावरची टीप अर्धी वाचून होईपर्यंत गेम सुरू होतो. सेकंदाला ६० फ्रेमची सवय एकदा लागली की ३० वर परत जाववत नाही. जागा कमी पडते, पण एकेक गेम १०० जीबी खातो तिथे ती कुणाला पुरते? स्लॉट आहे, एसएसडी टाकली, विषय संपला.

आता डावी स्टिक, म्हणजे कंट्रोलरवरचा अंगठ्याने फिरवायचा छोटा दांडा.

नवव्या महिन्यात रेसिंग गेममध्ये माझी गाडी सरळ रस्त्यावर डावीकडे ओढायला लागली. मी म्हटलं, व्वा, काय बारकाई आहे, टायरची झीजसुद्धा दाखवतात! मग दोन संध्याकाळी टायरचा दाब, कॅम्बर, सस्पेन्शन असं सगळं चिवडत बसलो. गाडी तरी डावीकडेच. दुसरी गाडी घेतली, तीही डावीकडे. शेवटी शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मामा, तू जरा हात सोड ना." कंट्रोलर टेबलावर ठेवला. पडद्यावरचं स्टिअरिंग हळूच डावीकडे वळलं आणि तिथेच राहिलं.

कंट्रोलर संगणकाला लावून आकडे बघितले. स्टिकचा प्रत्येक अक्ष ० ते २५५ अशा मोजपट्टीवर वाचला जातो. हात लावला नसेल तेव्हा १२८ च्या आसपास असायला हवा. माझा आडवा अक्ष ११४ वर होता आणि तिथेही स्वस्थ नव्हता. ११४, ११२, ११५, ११२. ताप आलेल्या माणसाच्या थर्मामीटरकडे बघावं तसा मी तो आकडा बघत बसलो.

ज्यांनी स्टिक कधी उघडली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की आत दोन पोटेन्शियोमीटर असतात, एक आडव्या अक्षाचा, एक उभ्याचा. कार्बनच्या पातळ थरावरून धातूची बारीक पट्टी घासत फिरते आणि ती कुठे टेकली आहे त्यावरून व्होल्टेज ठरतं. घासणं आलं म्हणजे झीज आली. थर झिजतो, त्याची भुकटी आतच पडते, आणि बहुतेक वेळ स्टिक मध्यावरच असल्याने वाट लागते ती मध्याचीच. २०२१ मध्ये उपकरणं खोलून दाखवणाऱ्या आयफिक्सिटने सोनीचा ड्युअलसेन्स कंट्रोलर उघडून दाखवला तेव्हा आत अल्प्स कंपनीचा भाग निघाला. उत्पादकाच्याच कागदावर त्याचं आयुष्य २० लाख फेऱ्यांचं. एका शूटर गेममध्ये स्टिक किती फिरते ते मोजून त्यांनी हिशेब मांडला, ४१७ तास. याच घराण्यातला भाग इतर कंपन्यांच्या कंट्रोलरमध्येही आहे. माझ्या कन्सोलवर खेळल्याची नोंद तेव्हा सहाशे तासांच्या पुढे होती. म्हणजे त्या हिशेबाने माझ्या स्टिकने मला बोनसच दिला म्हणायचा.

मला राग याचाच येतो. टायर झिजतो हे टायर बनवणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो चार बोल्टवर बसवतो. यांनी झिजणारा भाग बोर्डावर सोल्डर केला.

बरं, घासल्याशिवाय मोजण्याची युक्ती अजून सापडायची आहे असंही नाही. सेगाने १९९६ मध्ये सॅटर्न कन्सोलच्या थ्रीडी कंट्रोल पॅडमध्ये चुंबक आणि हॉल सेन्सर वापरला, पुढे ड्रीमकास्टमध्येही. चुंबक हलतो, सेन्सर दुरून वाचतो, कार्बनच्या थराचं नावच नाही. सेगाने कन्सोल बनवणं २००१ मध्येच सोडलं, आणि तिच्याबरोबर शहाणपणाची ही एक गोष्टही गेली. निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलच्या जॉय-कॉन कंट्रोलरमधल्या याच दोषावरून एवढं रामायण झालं, २०२० मध्ये अध्यक्ष फुरुकावांनी भागधारकांच्या सभेत माफी मागितली, युरोपात ग्राहक संघटनांच्या तक्रारीनंतर २०२३ मध्ये वॉरंटी संपलेल्या जॉय-कॉनचीही मोफत दुरुस्ती मान्य करावी लागली. आणि २०२५ मध्ये स्विच २ आला तो? हॉल सेन्सर नाहीच. सोनीने निदान ड्युअलसेन्स एजमध्ये अख्खं स्टिक मॉड्यूल काढून बदलता येईल अशी सोय केली, पण ती महागड्या कंट्रोलरमध्ये. साध्या कंट्रोलरवाल्याचा अंगठा काय झिजवायला दिला आहे?

तर सर्व्हिस सेंटर. अकराव्या महिन्यात, वॉरंटीत, कंट्रोलर पाठवला. सोबत व्हिडिओ, ज्यात माझा नायक कुणी हात न लावता कड्याकडे चालत जातो आणि खाली पडतो. १९ दिवसांनी पार्सल परत आलं. आत चिठ्ठी: "तपासणीत दोष आढळला नाही." आकडा बघितला, ११५. मी म्हटलं वाद नको, गेममध्ये डेडझोन वाढवून चालवू. डेडझोन म्हणजे मध्याभोवतीचा जो भाग गेम हिशेबात धरत नाही तो. वाढवला की ड्रिफ्ट, म्हणजे स्टिकचं हे आपोआप सरकणं, लपतो, पण अंगठ्याची बारीक हालचालही त्यात गडप होते. नेम धरताना आधी काहीच होत नाही आणि मग एकदम सगळं होतं. तेराव्या महिन्यात आकडा १०३ वर आला आणि मेन्यूसुद्धा आपोआप सरकायला लागला. पुन्हा फोन.

"सर, वॉरंटी संपलेली आहे."

"अहो, पण हीच तक्रार मी वॉरंटीत असताना केली होती."

"हो सर, ती दिसतेय. पण ती बंद झालीये. ही नवीन तक्रार धरली जाईल."

"दोष तोच आहे ना?"

"तेव्हा दोष आढळला नव्हता सर."

यावर काय बोलणार? दुरुस्ती करतच नाहीत, बदलूनच देतात, आणि बदलून द्यायची रक्कम नव्या कंट्रोलरच्या जवळपास. शिवाय येण्याजाण्याचं कुरिअर माझ्या अंगावर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कन्सोल बिघडला की दिव्यांचं लाल कडं लागायचं, त्या एक्सबॉक्स ३६० च्या गोष्टी सांगून लोक हसतात. मीही हसायचो. पण २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांवर नेली आणि १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. अख्खा कन्सोल मरत होता म्हणून करावं लागलं. स्टिक मरते तेव्हा कन्सोल जिवंत असतो, गिऱ्हाईक वैतागून दुसरा कंट्रोलर घेतं आणि कंपनीच्या वहीत ती विक्री म्हणून लागते.

इथपर्यंत रागात लिहून ठेवलं होतं. पुढचं तीन आठवड्यांनंतरचं आहे, आणि काही बाबतीत मत बदललं आहे.

आधी फुकटचा उपाय करून बघितला. कंट्रोलर उघडला, पोटेन्शियोमीटरचं हिरवं झाकण अलगद उचकटलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने आतली काळी भुकटी पुसली. आकडा थेट १२७. त्या रात्री मी सर्व्हिस सेंटरला मनातल्या मनात चार चांगली पत्रं लिहिली. सहा दिवसांनी ११८. थरच झिजलेला असेल तर पुसून तो परत कुठून येणार?

मग हॉल सेन्सरचे दोन मॉड्यूल मागवले. एक मित्र मोबाइल दुरुस्तीचं काम करतो, त्याच्याकडे गेलो. एका स्टिकला १४ ठिकाणी सोल्डर आहे, प्रत्येक पोटेन्शियोमीटरच्या तीन पिना, बटणाच्या चार, आणि सांगाड्याचे चार पाय. यातला एक पाय जरी धरून राहिला तरी मॉड्यूल निघत नाही, आणि ओढलं तर बोर्डावरचा तांब्याचा ठिपका उपटून येतो. ग्राउंडच्या पिना सगळ्यात हट्टी, कारण त्या बोर्डाच्या मोठ्या तांब्याला जोडलेल्या असतात, दिलेली उष्णता सगळी तिकडे पळते. मित्राने आधी प्रत्येक जोडावर शिसंवालं नवं सोल्डर घातलं. मी म्हटलं, अरे काढायचंय ना, घालतोस काय? तो म्हणाला, कारखान्यातलं बिनशिशाचं असतं, उशिरा वितळतं, त्यात हे मिसळलं की लवकर सुटतं. मग पंपाने एकेक भोक ओढून साफ केलं. पाऊण तास मी फक्त टॉर्च धरून उभा होतो. शेवटच्या पायाला मॉड्यूल 'टक' करून हातात आलं तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला.

इतकी भक्ती करून हॉल सेन्सर बसवला, आता तक्रार नसावी ना? आहे. जोडल्याबरोबर मध्य आला १३९. म्हणजे ड्रिफ्टच, फक्त उजवीकडे. कंट्रोलरच्या स्मृतीत जुन्या स्टिकची मापं साठवलेली असतात आणि नव्या मॉड्यूलचं व्होल्टेज थोडं वेगळं पडतं. पुन्हा कॅलिब्रेट केलं तेव्हा कुठे १२८. त्यातही स्टिक पूर्ण गोल फिरवली तर आकृती गोल येत नाही, कोपऱ्यांत फुगते. आणि स्प्रिंग मूळच्यापेक्षा किंचित कडक आहे. पहिले दोन दिवस अंगठ्याला परका वाटला.

म्हणून वर जो सूर लावला आहे, की हॉल सेन्सर टाकला की सगळं सुटलं आणि कंपन्या निव्वळ कंजूष आहेत, तो थोडा खाली आणतो. मूळ स्टिकची पकड, तिचं मध्यावर येणं, दोन्ही अक्षांचा तोल यात खरोखर काम केलेलं आहे, ते नवा भाग बसवल्यावरच कळलं. पण बदलता येईल असं बसवा, ही मागणी एक इंचही खाली येत नाही.

आता या सगळ्यात माझी स्वतःची एक चूक कबूल करतो. मी डिस्कवाला कन्सोल न घेता बिनडिस्कचा घेतला, चार पैसे वाचतात म्हणून. वाचले तेवढे पहिल्या सहा महिन्यांत गेले. डिस्क असती तर खेळून झालेला गेम विकला असता, मित्राला दिला असता. डिजिटल गेम संपला की तो तिथेच पडून असतो, ना विकता येत ना वाटता. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन दर २४ तासांनी इंटरनेटला जोडावा लागेल आणि जुने गेम देण्याघेण्यावर बंधनं येतील असं जाहीर केलं तेव्हा केवढा आरडाओरडा झाला! सोनीने गेम दुसऱ्याला कसा द्यायचा याचा व्हिडिओ काढला, ज्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबी देतो, संपलं. मायक्रोसॉफ्टला माघार घ्यावी लागली. त्याच सोनीचा पीएस५ प्रो २०२४ मध्ये आला तो डिस्क ड्राइव्हशिवाय, ड्राइव्ह वेगळा विकत घ्या. आणि आम्ही गिऱ्हाइकं? मीच बिनडिस्कचा उचलला की. त्यात डिस्क म्हणजे कायमचा गेम, हेही आता खरं राहिलेलं नाही. 'द क्रू' या ऑनलाइनच चालणाऱ्या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले तेव्हा डिस्कवाले आणि बिनडिस्कवाले एकाच रांगेत उभे होते.

"थांब, स्वस्त होईल" हा सल्लाही आता देता येत नाही. प्लेस्टेशन २ ची किंमत अमेरिकेत दोन वर्षांच्या आत एक तृतीयांशाने उतरली होती. या पिढीत उलटी गंगा आहे. २०२५ मध्ये एक्सबॉक्सची किंमत अमेरिकेत एकाच वर्षात दोनदा वाढली. म्हणून कन्सोल घ्यायचाच असेल तर थांबू नका, पण डिस्कवाला घ्या, बिल जपून ठेवा, आणि दर महिन्याला कंट्रोलरचा आकडा बघा. १२८ पासून पाच-सहाने हलला की वॉरंटीत असतानाच तक्रार करा, आणि "दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी आली तर तक्रार बंद होऊ देऊ नका. माझी तिथेच चूक झाली.

सर्व्हिस सेंटरकडून परवा मेल आला. नव्या कंट्रोलरवर सवलत देतो म्हणे. अजून उत्तर दिलेलं नाही.

भाचा आला की बिघडलेला कंट्रोलर त्याच्या हातात द्यायचा, हा आमच्याकडचा अलिखित नियम होता. चौथ्या महिन्यात घेतलेला दुसरा कंट्रोलर माझा, ड्रिफ्टवाला त्याचा, आणि हरला की तो मला स्टिक दाखवायचा. या रविवारी आला तो सरळ दुरुस्त केलेलाच उचलून बसला. "मामा, मला हाच," म्हणाला. मी दुसरा घेतला. खेळायच्या आधी सहज संगणकाला लावून बघितला. १३३.