‘दिव्यांचे हक्क सोडवा’ म्हणत पैसे मागतात, सावध राहा

रात्रीच्या शहराचे फोटो काढणाऱ्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. उंच इमारती, काचेचे दर्शनी भाग, उजळलेले चौक, पुलावरून गेलेल्या गाड्यांच्या लाल-पांढऱ्या रेघा, असे फोटो तुम्ही ऑनलाइन टाकत असाल तर मला आला तसा निरोप तुम्हालाही येऊ शकतो. पद्धत थोडक्यात अशी: तुमचे फोटो विकत घेतो म्हणतात, चांगली रक्कम कबूल करतात आणि मग इमारतींच्या रोषणाईचे हक्क ‘मोकळे करून घ्यायला’ तुमच्याच खिशातून पैसे काढतात. जाता जाता मूळ रॉ फाइलीही, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या, संस्कार न केलेल्या फाइलीही घेऊन जातात. पैशांपेक्षा मला त्या फाइलींचं जास्त लागलं.

निरोप आला तो अगदी जाणकाराच्या भाषेत. सूर्यास्तानंतर सूर्य क्षितिजाच्या साधारण 4 ते 6 अंश खाली असतो तेव्हा आकाश गडद निळं होतं आणि त्याचा उजेड खिडक्यांतल्या उजेडाशी जुळतो. ही वेळ साधली तर एकाच एक्सपोजरमध्ये, म्हणजे शटर एकदा उघडून मिटेपर्यंतच्या वेळात, आकाशही टिकतं आणि दिवेही फाटत नाहीत. पुढे उशीर झाला की आकाश काळं ठिक्कर आणि खिडक्या पांढऱ्याफटक. महाशयांनी नेमकं हेच हेरून लिहिलं होतं. वर रस्त्यावरच्या दिव्याला आलेल्या अठरा किरणांच्या चांदणीचंही कौतुक! लेन्सच्या ॲपर्चरला, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाला, पाती विषम असतील तर किरण पात्यांच्या दुप्पट येतात, सम असतील तर पात्यांइतकेच. माझ्या लेन्सला नऊ पाती आहेत. हे ज्याला दिसतं तो आपल्यातलाच माणूस, असं कोणालाही वाटेल. पुढे ‘ओल्या रस्त्यावरच्या प्रतिबिंबांनी तर कमाल केली आहे’ असंही एक वाक्य होतं. माझ्या फोटोतला रस्ता कोरडा ठणठणीत होता. त्याने बरेच फोटो पाहिले असतील, गल्लत झाली असेल, असं म्हणून मी पुढे वाचलं. तो मजकूर दुसऱ्याच कोणाच्या फोटोखालून जसाच्या तसा उचललेला होता, हे फार नंतर कळलं.

त्याच्या सांगण्याप्रमाणे तो हॉटेलं आणि कार्यालयांच्या भिंती सजवणाऱ्या एका संस्थेसाठी चित्रं खरेदी करत होता. काही फोटो निवडले, छपाईचा आकार विचारला, किती वर्षांसाठी वापराचा हक्क हवा ते सांगितलं. रक्कम चांगली होती, पण डोळे पांढरे व्हावेत अशी नव्हती, आणि खरी मेख तिथेच होती. अव्वाच्या सव्वा आकडा सांगितला असता तर मी तो निरोप तिथेच पुसला असता. करारनामा आला. त्यात मुद्रणसंख्या, छायाचित्रकाराचं नाव कुठे छापायचं, वाद झाला तर काय, असं सगळं नीट होतं. सही करून पाठवला.

मग ‘कायदा विभागा’चा मेल आला. सूर बदललेला, भाषा कोरडी. निवडलेल्या फोटोंत रोषणाई केलेल्या इमारती आहेत, अशा रोषणाईवर तिच्या रचनाकाराचा कॉपीराइट असतो, आयफेल टॉवरचं उदाहरण सर्वश्रुत आहे, तेव्हा मुक्तता-प्रमाणपत्राशिवाय पैसे अदा करता येत नाहीत. प्रमाणपत्र एका ‘नोंदणी संस्थे’कडून मिळेल, शुल्क छायाचित्रकाराने भरायचं, फोटोंच्या रकमेबरोबर ते परत मिळेल.

ही थाप नुसती थाप नव्हती, म्हणूनच ती पचली. आयफेल टॉवरची गोष्ट खरी आहे. मनोरा 1889 मध्ये उभा राहिला, गुस्ताव आयफेल 1923 मध्ये गेले, आणि मृत्यूनंतर 70 वर्षांची मुदत संपल्यावर मनोऱ्याच्या रचनेवरचा हक्क संपला. दिवसा काढलेला फोटो कोणीही कुठेही छापावा. पण आजची सोनेरी रोषणाई 1985 ची, पिएर बिदो यांची. मनोरा चालवणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं, की स्वतःपुरते रात्रीचे फोटो खुशाल काढा, मात्र उजळलेल्या मनोऱ्याचा फोटो धंद्यासाठी वापरायचा तर आधी आमची परवानगी घ्या. रात्रीचे फोटो काढणाऱ्या बहुतेकांच्या कानावर हे कधी ना कधी पडलेलं असतं, अर्धवट का होईना. त्या अर्धवटपणावरच या लोकांची दुकानदारी चालते.

पैसे भरले, प्रमाणपत्र आलं. ते अजून माझ्याकडे आहे. वर गोल शिक्का, खाली एक लफ्फेदार सही, मध्ये माझ्या फोटोची छोटी प्रत, आणि तिच्यात ‘संरक्षित प्रकाशरचना’ म्हणून लाल चौकटी काढलेल्या. एक चौकट इमारतीच्या माथ्यावरच्या रंगीत पट्ट्यांभोवती होती, ती एक वेळ समजू. दुसरी मधल्या मजल्यांच्या सलग उजळलेल्या खिडक्यांभोवती. फोटो मोठा करून पाहिला की त्या खिडक्यांत छताच्या साध्या ट्यूबलाइट दिसतात, एका टेबलावर उलटी ठेवलेली खुर्ची दिसते, आणि शेजारच्या खिडकीत झाडूवाल्या बाईंची अस्पष्ट आकृती दिसते. एक्सपोजर काही सेकंदांचं, त्यामुळे त्या हललेल्या. म्हणजे साफसफाईसाठी चालू राहिलेल्या ट्यूबलाइटना कोणाची तरी कलाकृती ठरवून माझ्याकडून हक्काचे पैसे घेतले होते! यावर आता हसू येतं. तेव्हा तो कागद मी एवढा मोठा करून पाहिला नव्हता, शिक्का पाहून ठेवून दिला होता.

त्यानंतरचं झटपट सांगते, कारण पुढची पायरी अशा प्रत्येक फसवणुकीत तीच असते. प्रमाणपत्र एकाच इमारतीचं निघालं, बाकीच्यांची वेगळी. मग परदेशी व्यवहाराचा कर. मग फोन: ‘मॅडम, आज संध्याकाळपर्यंत झालं नाही तर हॉटेलवाले दुसऱ्याचे फोटो घेतील.’ या फोनवरच्या माणसाला चांदणीचे किरण कशाने येतात हे ठाऊक नव्हतं. ‘रस्त्यावर गाड्या का नाहीत, नुसत्या रेघाच का आहेत, गाड्या कॉम्प्युटरवर पुसल्या का’ असं त्याने मला विचारलं. पहिला निरोप लिहिणारा आणि हा एकच असेल तर ती अक्कल कुठे गेली, असा प्रश्न पडायला हवा असा तो क्षण होता. पण तोपर्यंत बरीच रक्कम अडकली होती, आणि अडकलेली रक्कम सोडवायला माणूस आणखी थोडी घालतो.

शेवटची मागणी रॉ फाइलींची. कारण सांगितलं ‘मोठ्या आकाराची छपाई’. ही सबब साफ खोटी असते. छापणाऱ्याला पूर्ण आकाराची तयार टिफ किंवा चांगली जेपेग पुरते. रात्रीच्या शहराची रॉ फाइल त्याच्या उपयोगाचीही नाही, कारण त्या एका चौकटीत सोडियमच्या दिव्यांचा पिवळा, ट्यूबचा हिरवट आणि एलईडीचा थंड पांढरा असे तीन उजेड भांडत असतात. त्यांचा मेळ कसा घालायचा ते फोटो काढणाराच ठरवतो. रॉ मागितली जाते ती मालकी दाखवण्यासाठी. फोटो तुमचा की त्याचा असा वाद झाला, तर पहिला प्रश्न येतो, ‘मूळ फाइल कोणाकडे आहे?’ फोटोत नंतर फेरफार केलेला नाही हे पाहायला फोटोंच्या काही स्पर्धांतही विजेत्यांकडून रॉ मागवून घेतात.

फाइली पोचल्या आणि सगळे गप्प झाले. मेल परत येऊ लागले, फोन बंद. पुढे चित्रावरून शोध घेतला तेव्हा माझे फोटो विक्रीच्या संकेतस्थळांवर वेगळ्याच नावाने सापडले. एकाचं आकाश जांभळं केलेलं. भयंकर दिसत होतं, हे आपलं जाता जाता.

आता कायद्याचं, कारण तिथलं धुकं गेलं की या मंडळींचं निम्मं भांडवल जातं. रोषणाईचे हक्क मोकळे करून प्रमाणपत्र देणारं जागतिक नोंदणी कार्यालय वगैरे काही नाही. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कॉपीराइट कृती निर्माण होताच मिळतो, त्याला नोंदणीची अट नाही. म्हणून परवानगी लागलीच तर ती हक्कधारकाकडून किंवा त्याने नेमलेल्या प्रतिनिधीकडून घ्यायची, भलत्याच ‘संस्थे’कडून नव्हे. आणि पुष्कळ देशांत साध्या इमारतीच्या फोटोला ती लागतच नाही. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने सार्वजनिक जागेतून दिसणाऱ्या इमारतींचे फोटो मोकळे आहेत. ब्रिटनच्या 1988 च्या कायद्यात कलम 62, जर्मनीच्या कॉपीराइट कायद्यात कलम 59, भारताच्या 1957 च्या कायद्यात कलम 52 मधलं वास्तुकृतींच्या फोटोंबद्दलचं उपकलम, सगळ्यांचा रोख तोच. फ्रान्स कडक आहे. 2016 मध्ये तिथे सूट मिळाली ती फक्त व्यक्तींना, आणि तीही धंद्यासाठी नसलेल्या वापराला. बेल्जियमने त्याच वर्षी सूट बरीच सैल केली. त्याआधी ब्रसेल्सच्या ॲटोमियमचे फोटो छापताना लोक ती वास्तू काळी करून टाकत.

इमारतीच्या गच्चीवर चढायचं असेल, पार्किंगच्या वरच्या मजल्यावरून फोटो काढायचा असेल, तर मालकाची परवानगी लागते, पण ती आत शिरण्याची परवानगी आहे. चौकात ट्रायपॉड लावायला काही ठिकाणी पालिकेला विचारावं लागतं, तेही निराळं. फोटो विकणाऱ्या खऱ्या संस्था काही प्रसिद्ध इमारतींसाठी मालकाच्या सहीचा ‘प्रॉपर्टी रिलीज’, म्हणजे संमतीचा कागद, मागतात. त्याला शुल्काची पावती चालत नाही. या सगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबून कोणी ‘हक्कशुल्क’ म्हणू लागला तर त्याला एवढंच विचारा: कोणत्या देशाचा कायदा, कोणतं कलम, हक्कधारक कोण? माझ्या नंतरच्या एका मेलवर असं विचारल्यावर उत्तर आलं नाही. आणि व्यवहाराची रीत लक्षात ठेवा. वापराचे पैसे घेणारा देतो. मध्यस्थ असेल तर तो विक्री झाल्यावर आपलं कमिशन कापून घेतो. विकणाऱ्याने आधी भरायचं, असा या धंद्यात प्रघात नाही.

चोरलेले फोटो संकेतस्थळांवरून काढायला लावताना मला कशाचा उपयोग झाला, तेही सांगते. मी रात्री एकाच जागेवरून ओळीने चौकटी, म्हणजे एकापाठोपाठ एक फोटो, घेते, एक उजळ, एक मध्यम, एक गडद. चोराकडे त्यातली एकेकच गेली होती. शेजारच्या चौकटींत खिडक्यांची तीच नक्षी, ढगाचं टोक जरासं सरकलेलं, आणि गाड्यांच्या रेघा मात्र प्रत्येक चौकटीत वेगळ्या. लांब एक्सपोजरमधली रेघ पुन्हा तशीच येत नाही, त्यामुळे त्या आगेमागच्या चौकटी फक्त मूळ माणसाकडेच असू शकतात. तक्रारीसोबत त्या छोट्या आकारात जोडल्या आणि दोन संकेतस्थळांनी फोटो काढून टाकले. एकाने अजून दाद दिलेली नाही. एक्झिफ माहितीवर, म्हणजे कॅमेरा फाइलीत आपोआप नोंदवतो त्या तारीख-वेळ वगैरेंवर, मात्र विसंबू नका, ती कोणालाही बदलता येते. आणि मालिकेतल्या निरुपयोगी वाटणाऱ्या चौकटी जागा होत नाही म्हणून पुसू नका.

पैशांच्या बाबतीत बँकेला त्याच दिवशी कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत फिरत जाते. पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करताना करारनामा, प्रमाणपत्र, मेल मूळ स्वरूपात द्या; नुसते स्क्रीनचे फोटो दिले तर मेल कुठून आला याचा माग त्यात राहत नाही.

तक्रार केल्यावर थोड्याच दिवसांत मला आणखी एक निरोप आला. फसवणुकीत गेलेली रक्कम परत मिळवून देणारे तज्ज्ञ आहोत, तुमचं प्रकरण आम्हाला ठाऊक आहे, असं त्यात होतं. फसलेल्यांच्या याद्या हे लोक एकमेकांना विकतात. तज्ज्ञांची फी आगाऊ होती. तो निरोप मी तक्रारीच्या कागदांना जोडून दिला.