जुन्या कॉम्प्युटरवर टीव्ही रेकॉर्डिंग: मालवणच्या किनाऱ्यावर दहा महिने

डिसेंबरात सुरू केलं, आता ऑक्टोबर उजाडला. मधे अख्खा पावसाळा गेला. मे महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबलो.

आमचं घर समुद्रापासून पाच मिनिटांवर. दादा मासेमारीच्या बोटीवर, गेला की आठवडाभर येत नाही. बाबा निवृत्त शिक्षक. सह्याद्री वाहिनीवरची नाटकं आणि गाण्याचे कार्यक्रम त्यांचा जीव की प्राण, पण संध्याकाळी देवळातलं भजन ते चुकवणार नाहीत. टीव्हीची वेळ आणि घराची वेळ कधी जुळायचीच नाही. छतावर डीडी फ्री डिशची छत्री आधीपासून होती. महिन्याचं भाडं नाही, बहुतेक वाहिन्या खुल्या. म्हटलं, तोच सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घ्यावा.

कॉम्प्युटर जुनाच. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, आणि नवीन घेतलेली १ टीबीची हार्ड डिस्क. एवढं पुरतं का, असं पुष्कळ जण विचारतात. पुरतं आणि उरतं. उपग्रहावरून चित्र आधीच दाबून, डिजिटल होऊन येतं. कॉम्प्युटरला ते जसंच्या तसं डिस्कवर उतरवायचं असतं. रेकॉर्डिंग चालू असताना प्रोसेसर जवळजवळ रिकामाच बसलेला दिसतो. खरा खर्च यूएसबी ट्यूनरचा, म्हणजे छत्रीचा सिग्नल कॉम्प्युटरला देणाऱ्या डबीचा. तो घेताना डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रसारणाची नवी पद्धत) चालणाराच घ्या. फ्री डिशवर जुन्या पद्धतीच्या एमपेग-२ वाहिन्यांसोबत एमपेग-४ वाहिन्याही आहेत, आणि त्या एस२ शिवाय येत नाहीत. लिनक्सवर (मी विंडोजऐवजी तेच वापरतो) त्याचा ड्रायव्हर आहे ना, हेही आधी बघा. माझा ट्यूनर पहिल्या दिवशी ओळखला गेला पण सिग्नल देईना. फर्मवेअरची, म्हणजे ट्यूनरला आतून चालवणारी, एक फाईल जागेवर नव्हती. ती टाकल्यावर लगेच चालू झाला.

एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर बसणारा सिग्नल पकडणारा भाग, दोन तोंडांचा बसवला. एक वायर टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला, दुसरी कॉम्प्युटरला. साधा स्प्लिटर लावू नका. एलएनबीला ट्यूनरच १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो आणि त्यावरून कोणत्या ध्रुवणाचा (उभ्या की आडव्या लहरींचा) सिग्नल घ्यायचा ते ठरतं. एका वायरीवर दोघांनी हुकूम सोडले की गोंधळ होतो. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. आमच्याकडून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साठेक अंश वर येतो. इतका वर असल्यामुळे लांबच्या माडांची अडचण होत नाही. परसातल्या एका माडाची झावळं मात्र वाऱ्यात आडवी यायची, म्हणून छत्री दोन हात सरकवावी लागली.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टीव्हीहेडएंड, डेबियन या लिनक्सवर. ब्राउझरमध्ये ९९८१ पोर्टवर उघडायचं, नेटवर्क बनवायचं, ट्रान्सपॉंडर (उपग्रहावरून एकत्र येणाऱ्या वाहिन्यांचे गट) भरायचे, स्कॅन करायचं. पहिले दोन दिवस डोकं उठतं, मग हात बसतो. बघायला टीव्हीजवळ कोडी हा प्लेअर. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: एकाच ट्रान्सपॉंडरवरच्या तीन-चार वाहिन्या एकाच ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड होतात. दुसऱ्या ट्रान्सपॉंडरवरची हवी असेल तर मात्र दुसरा ट्यूनर लागतो.

कार्यक्रमांच्या वेळापत्रकावर भरवसा ठेवू नका. माझ्याकडे कित्येक वाहिन्यांचं वेळापत्रक रिकामं दिसतं. मी वार आणि वेळ घालून टायमर लावतो, सुरू व्हायच्या आधी ५ मिनिटं आणि संपल्यानंतर २० मिनिटं जास्तीची. आधीचा सामना लांबला की नाटक उशिरा सुरू होतं आणि शेवटचा प्रवेश कापला जातो. बाबांचं एक नाटक असंच गेलं. ते काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून मी नंतरची वीस मिनिटं कधी सोडली नाहीत. आणखी एक: प्रसार भारती फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव करते, त्यानंतर वाहिन्या इकडच्या तिकडे होतात. एप्रिलमध्ये पुन्हा स्कॅन करणं आलंच.

आता पावसाळा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाच दिवसांची रेकॉर्डिंग गेली, आणि दोष पावसाचा नव्हता. वीज गेली, इन्व्हर्टरही उतरला, कॉम्प्युटर बंद पडला. बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय मी लावली होती, त्यामुळे तो सुरू झालाही. पण मदरबोर्डवरची बटण बॅटरी संपलेली, इंटरनेट बंद, घड्याळ कित्येक वर्षं मागे. टायमर आपल्या वेळेची वाट बघत बसले. २०३२ नंबरचा साधा सेल बदलला. शिवाय टीव्हीहेडएंडमध्ये प्रसारणातूनच वेळ घेण्याची सोय आहे, ती चालू केली. जुनं मशीन वापरणार असाल तर तो सेल पहिल्याच दिवशी बदला.

केयू बँडचा, म्हणजे फ्री डिश येते त्या लहरींचा, सिग्नल मुसळधार पावसात पडतो, त्याला इलाज नाही. सर येते, चित्राचे चौकोन होतात, सर ओसरते, चित्र परत येतं. फाईल टीएस स्वरूपात, म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांत, असल्यामुळे मधला तुकडा बिघडला तरी पुढचं नीट बघता येतं. पण जुलैत उघडीप असतानाही रेकॉर्डिंगमधल्या चुकांचा आकडा वाढत चालला, तेव्हा शंका आली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे दादा घरी होता. तोच वर चढला. एलएनबीच्या तोंडाचा कनेक्टर हिरवा पडलेला, आतली तार कुरतडल्यासारखी. खारी हवा! त्याने बोटीवरच्या वायरींना करतात तसं केलं: नवा कनेक्टर, वर ग्रीस, त्यावर ताणून गुंडाळायची रबरी टेप, आणि वायरीला खाली एक झोल, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. तेव्हापासून सिग्नल स्थिर आहे. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

तासाभराचं साधं रेकॉर्डिंग माझ्याकडे दीड जीबीच्या आसपास होतं. ठेवायचं असेल ते एफएफएमपेग या प्रोग्रामने एच.२६४ या जास्त दाबलेल्या स्वरूपात करतो, निम्म्याहून कमी जागा लागते. चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे एकाआड एक ओळींनी येतं. तेव्हाच डीइंटरलेस करून (ओळी जुळवून) घ्या, नाहीतर हलत्या हाताच्या कडा करवतीसारख्या दिसतात. दादाचा पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्यावर ४ जीबीची फाईल जाईना. एक्सफॅट करून दिला.

विजेचं म्हणाल तर चोवीस तास चालू ठेवून दिवसाला साधारण एक युनिट. पंख्याचा आवाज आईला खुपायचा. "त्या पेटयेक भायर ने रे, झोप येणा नाय," म्हणाली, तेव्हा मशीन माजघरातून पडवीतल्या कपाटावर गेलं. तिथे दमट हवा जास्त, म्हणून पंधरा दिवसांनी आतली धूळ ब्रशने झाडतो.

ऑगस्टपासून दादाची बोट पुन्हा जाते. निघायच्या आदल्या रात्री तो विचारतो, "आठवड्याचा सगळा गावला मा?" मी यादी दाखवतो, तो स्वतः निवडून घेतो. बाबांची नाटकं वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, अठ्ठावीस झाली. दिवाळीआधी दुसरा ट्यूनर घ्यायचा आहे, कारण रविवारी दुपारी दोघांच्या वाहिन्या वेगवेगळ्या ट्रान्सपॉंडरवर येतात आणि सध्या दर वेळी दादाच माघार घेतो.