एमजीबीच्या रॉकर कव्हरखाली कॉर्क की सिलिकॉन?

घोडबंदर रोडच्या सोसायटीत पार्किंगच्या लादीवर तेलाचा डाग पडला की वॉचमन आधी माझ्याकडे येतो. जुन्या एमजीबीचं (ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं) 1798 सीसी इंजिन म्हणजे थोडं गळणारच, पण रॉकर कव्हरची, म्हणजे इंजिनवरच्या पत्र्याच्या झाकणाची, गळती घरी थांबवता येते. वर दोनच नट.

मूळ गॅस्केट, म्हणजे झाकणाखालची गळती रोखणारी पट्टी, कॉर्कचं. स्वस्त, आणि कव्हरची कडा थोडी वाकडी असली तरी सांभाळून घेतं. ते कव्हरच्या बाजूला चिकटवायचं, खाली इंजिनच्या हेडच्या बाजूला नुसतं ग्रीसचं बोट फिरवायचं. पण वर्षानुवर्षं गरम तेलात राहून ते बिस्किटासारखं होतं, आणि खरवडताना तुकडे आत पडू नयेत म्हणून जीव मुठीत.

सिलिकॉनचं महाग. कोरडंच बसवायचं, सीलंट लावलं तर सरकतं. कडा सपाट हवी, पत्रा वाकलेला असेल तर आधी ठोकून सरळ करा.

माझं मत सिलिकॉनला, कारण टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली, थंड इंजिनवर 0.015 इंच) तपासायला कव्हर सारखं उघडावं लागतं. दरवेळी नवं कॉर्क कुठून आणणार?

नट मात्र दोन्हीत हलक्या हातानेच. गळतंय म्हणून आवळाल तर पत्रा वाकेल, आणि अजून गळेल.