कापड, पॅड की कप? आधी मोरी बघा

गोवंडी-मानखुर्दकडच्या वस्तीतलं घर डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बाराची खोली, पडद्याआड मोरी, सकाळी तासभर पाणी आणि संडास गल्लीच्या टोकाला. इथे पाळीत काय वापरायचं हे जाहिरात बघून ठरवण्यात अर्थ नाही. धुणार कुठे, वाळवणार कुठे आणि टाकणार कुठे, एवढं आधी बघा.

कापड वाईटच, असं सरसकट सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. जुन्या सुती साडीची घडी मऊ असते, शोषून घेते आणि फुकट असते. (नायलॉनची नको, ती काही शोषत नाही.) घोळ होतो वाळवताना. कुणाला दिसू नये म्हणून फडकं परकराखाली झाकून दोरीवर टाकायचं, नाहीतर मोरीतल्या खिळ्याला अडकवायचं. जुलै महिन्यात ते तिसऱ्या दिवशीही दमटच असतं. तेच पुन्हा घेतलं की खाज आणि पुरळ आलंच. तुमच्या घरी उन्हात उघड्यावर वाळवता येत असेल तर कापड बिनधास्त वापरा. आधी थंड पाण्यात भिजवा, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. शिवलेलं कापडी पॅड जागचं हलत नाही, पण वाळायला घडीपेक्षा जास्त वेळ घेतं.

पॅडला धुणं-वाळवणं नाही, कामावर जाणारीला हे मोठंच सुख. २०१८मध्ये पॅडवरचा जीएसटी गेला. जनऔषधी केंद्रातलं ‘सुविधा’ पॅड २०१९पासून रुपयाला एक मिळतं. पाळीला वीस पॅड धरली तर वीस रुपये. दुकानात तेवढ्याच पॅडना शंभराच्या वर सहज जातात. (राज्याची स्वस्त पॅडची ‘अस्मिता’ योजना आली ती ग्रामीण भागासाठी, वस्तीतल्या मुली त्यात बसल्याच नाहीत.) पण पॅड महाग म्हणून किंवा संडास लांब म्हणून एकच पॅड सकाळपासून रात्रीपर्यंत ठेवलं, तर ते ओल्या फडक्याइतकंच त्रास देतं. चार ते सहा तासांनी बदलायला हवं.

शिवाय ते टाकायचं कुठे? संडासात टाकलं की तुंबतो आणि शिव्या सगळ्या बायकांना बसतात. म्हणून काळी पिशवी अंधार पडेपर्यंत कॉटखाली. पुण्यात कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम झाली, म्हणजे कचरावेचक बाईला उघडावं लागत नाही. ठिपका आपणही काढू शकतो, त्याला योजना लागत नाही.

कप म्हणजे पाळीचं रक्त साठवायला योनीत बसवायची मऊ वाटी. तो एकदा तीन-चारशे रुपयांना घेतला की नीट सांभाळल्यास कित्येक वर्षं चालतो. आठ-दहा तास बघावं लागत नाही, कचरा नाही, वाळवणं नाही. कागदावर वस्तीसाठी हाच सगळ्यांत सोयीचा. पण आत घालायला हात स्वच्छ हवेत, आणि सार्वजनिक संडासात नळ कोरडा असला तर पाण्याची बाटली सोबत न्यावी लागते. पाळी संपल्यावर पाच-दहा मिनिटं उकळायचा, त्यासाठी वेगळं पातेलं ठेवा. चहाच्या पातेल्यात दिसला तर सासूबाई काय म्हणतील ते सांगायला नको. गर्भ राहू नये म्हणून तांबी (कॉपर-टी) बसवली असेल तर दवाखान्यात विचारल्याशिवाय कप नको, काढताना ती ओढली जाऊ शकते. जमायला दोन-तीन पाळ्या जातात, त्यामुळे पहिल्याच पाळीला फेकून देऊ नका.

मग घ्यायचं काय? एकच काही निवडायला हवं असं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयातल्या ६४ टक्के मुलींनी पॅड सांगितलं आणि ५० टक्क्यांनी कापड. बेरीज शंभराच्या पुढे जाते, म्हणजे बऱ्याचजणी दोन्ही वापरतात. शाळेतल्या मुलीला आणि घरकामाला जाणारीला दिवसा पॅड, घरी असताना कापड. पावसाळ्यात कापड बंदच ठेवा. रोज एक बादली पाणी हाताशी असेल आणि मनाची तयारी असेल तर कप. आणि काहीही वापरलं तरी खाज, वासाचं पाणी किंवा ओटीपोटात दुखणं आठवडाभर राहिलं, तर पुढच्या पाळीची वाट न बघता महापालिकेच्या दवाखान्यात जा.