सुताचं गोदाम राखायला वायफाय की रडार?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मागांच्या पिकांचा (विणलेल्या आडव्या धाग्यांचा) हिशोब वायफायवर येत असेल, तर रात्री गोदामात कोणी शिरलं हेही त्याच वायफायनं सांगावं असं वाटणारच. ईएसपी३२ हा वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड दोन्ही कामं करतो. पण रेडिओ एक आणि कामं दोन म्हटलं की हवेतला वेळ वाटला जातो. तो हिशोब खरेदीआधी मांडा.

सेकंदाला १ मीटर चालणाऱ्या माणसामुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीत सुमारे १६ हर्ट्झपर्यंत चढउतार होतात. ते नीट टिपायला सेकंदाला ५० पॅकेटं हवीत, १०० असली तर बरं. १०० बाइटचं पॅकेट, त्याची पोच आणि मधली थांबणी मिळून साधारण ०.३ मिलिसेकंद जातात. म्हणजे बोर्डांच्या एका जोडीला (एक पाठवणारा, एक ऐकणारा) सेकंदाला १०० पॅकेटांवर ३ टक्के वेळ, आठ जोड्यांना २४ टक्के. तेवढ्यात मागांचे आकडे अडकू लागतात. ५० पॅकेटांवर भागवलं तर धावणाऱ्याचा वेग चुकतो, हालचाल मात्र कळते. राखणीला तेवढं पुरतं.

अंतराचं मात्र वायफायला जमत नाही. २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर ७.५ मीटरपेक्षा बारीक फरक कळत नाही, म्हणजे माणूस दाराशी आहे की सुताच्या कोनांच्या पेट्यांमागे हे सांगता येणार नाही. २४ गिगाहर्ट्झच्या रडारला २५० मेगाहर्ट्झ पट्टा मिळाला, तर हाच फरक ६० सेंटिमीटरवर येतो. शिवाय रडार असलं तर वायफायवर फक्त निकालाचे थोडे बाइट जातात. उणीव अशी की पेट्यांची भिंत आडवी आली की त्याची नजर लवकर अडते, २.४ गिगाहर्ट्झची लहर वळसे घेत बरीच पुढे पोचते.

म्हणून रात्री बंद असणारं, एकदोन जोड्यांत भागणारं गोदाम असेल तर वायफाय घ्या. दाराजवळ नेमकं अंतर हवं असेल तर एलडी२४१०सारखं रडार. माग चालू असलेल्या शेडमध्ये दोन्हींचा नाद सोडा. फण्या आणि धोटे सतत हलतात, त्यात माणूस वेगळा निघत नाही.

वायफायवाल्यांचं हमखास चुकतं ते इथे: ईएसपी-नाऊचा (बोर्डांनी राउटरशिवाय थेट बोलायच्या पद्धतीचा) मूळ वेग १ एमबीपीएस असतो आणि त्या जुन्या पद्धतीच्या पॅकेटांतून चॅनलची माहिती, म्हणजे लहर वाटेत कशी बदलली हे, मिळतच नाही. वेग एमसीएस० ला (नव्या पद्धतीतल्या सर्वांत हळू वेगाला) बांधा, वीजबचत बंद करा. दोन बोर्डांची घड्याळं जुळत नसल्यानं फेज (लहर आपल्या चक्रात कुठे आहे ते) भरवशाचा नसतो, म्हणून फक्त तीव्रता वापरा.

रडार पत्र्याच्या डब्यात बसवू नका, प्लॅस्टिकचा घ्या. ३ मीटरवर पंखा असेल तर ०.७५ मीटरच्या टप्प्यांतला चौथा टप्पा कमी संवेदनशील करा.