अठरा बैठका, एक लिफ्ट आणि एक फुटलेला पाइप

आधी निकाल सांगते, कारण मीही कुठलंही परीक्षण शेवटून वाचायला घेते. पाचपैकी साडेतीन. दीड गुण कुठे कापला ते पुढे येईलच. तीस वर्षं गणिताचे पेपर तपासल्यावर गुण देताना हात आखडतो, हेही लक्षात घ्या.

सेवा म्हणजे आर्किटेक्टांची एक छोटी फर्म. जुनी इमारत न पाडता, तिथल्या रहिवाशांना बरोबर घेऊन, ती नव्यानं राहण्यासारखी करून देणं हे त्यांचं काम. नाव लिहीत नाही, कारण मला तक्रार करायची आहे आणि माणसं मनानं चांगली आहेत. या पद्धतीनं काम करणारे बरेच जण आता दिसतात. तुमच्या इमारतीत असं काही घाटत असेल, तर नावापेक्षा आमच्याकडे काय झालं ते जास्त उपयोगी पडेल.

आमची इमारत तळमजला धरून चार मजल्यांची. मजल्यावर चार घरं, म्हणजे एकूण सोळा. लिफ्ट नाही. मागच्या भिंतीला कायमची ओल, छज्ज्यांचे पोपडे पडलेले, दोन कॉलममधून सळ्या बाहेर डोकावत होत्या. पाडून नवी बांधा असं म्हणणारे सात जण होते. मी त्यात नव्हते, पण विरोधातही नव्हते. कंटाळलेल्यांत होते.

पहिल्या बैठकीला फर्मच्या दोघी आल्या. वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी स्वतःची कामं दाखवलीच नाहीत. भिंतीवर एक फोटो लावला, फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या ग्रां पार्क वसाहतीचा. १९६०च्या दशकातल्या तीन लांबलचक इमारती, ५३० घरं. लाकातों आणि वासाल या फ्रेंच आर्किटेक्ट जोडीनं, द्रुओ आणि ह्युतां या आर्किटेक्टांबरोबर, त्यातलं एकही घर पाडलं नाही. इमारतींच्या पुढ्यात स्वतःच्या पायांवर उभा राहणारा नवा सांगाडा रचला आणि बहुतेक घरांना काचेची मोठी बाल्कनी जोडून दिली, ३.८ मीटर खोल. माझी बैठकीची खोली तेवढी खोल नाही. काम चालू असताना लोक आपापल्या घरातच राहिले. २०१९ साली या कामाला युरोपातला मीस व्हॅन डर रोह हा वास्तुकलेचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये लाकातों-वासाल यांना प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्टांचं नोबेलच.

दुसरा फोटो अ‍ॅमस्टरडॅमच्या क्लाइबर्गचा. चारशे मीटर लांब, अकरा मजली, पाचशे घरांची इमारत. ती पाडायचीच ठरत आली होती. मग असं केलं की मूळ सांगाडा, लिफ्ट, गॅलऱ्या आणि सामाईक सोयी तेवढ्या नीट करायच्या आणि घरं आतून मोकळी, अर्धवट अवस्थेत विकायची. स्वयंपाकघर कुठे, न्हाणीघर कुठे, ते घेणारा ठरवेल. त्यालाही २०१७ साली तोच पुरस्कार मिळाला.

माझ्या शेजारचे गृहस्थ पुटपुटले, "बक्षिसं त्यांना, सिमेंटची धूळ आपल्याला." मी हसले. पण एक गोष्ट डोक्यात बसली. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंट उद्योगाचा वाटा सात-आठ टक्के आहे. उभी इमारत पाडायची म्हणजे त्यात एकदा खर्ची पडलेला माल राडारोड्यात टाकायचा आणि तसाच नवा पुन्हा भट्टीत भाजायला घ्यायचा. बेरीज तिथेच चुकते.

त्यांचं सगळ्यात चांगलं काम मी दुसऱ्या आठवड्यात पाहिलं. 'प्लास्टर मारलं की झालं' असं म्हणणारा एक गट आमच्यात होता. त्यांना अहवाल पाठवण्याऐवजी फर्मच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनं सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये बोलावलं. कॉलमचा एक कोपरा छिन्नीनं ताजा फोडला, ब्रशनं धूळ झटकली आणि बाटलीतून एक पारदर्शक द्रव फवारला. फिनॉल्फ्थॅलीन. शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेलं, पण कॉलमवर कधी नाही. आतला भाग बघता बघता गुलाबी झाला, चांगला गडद. बाहेरची कड मात्र होती तशीच राखाडी राहिली.

गुलाबी म्हणजे काँक्रीट अजून अल्कलीयुक्त आहे आणि त्यातली सळई गंजापासून सुरक्षित आहे. राखाडी म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तिथली अल्कली संपवली. मी पर्समधली पट्टी काढून मोजलं. राखाडी पट्टा २८ मिलिमीटर, सळई २५ मिलिमीटरवर. म्हणजे सळईचं कवच गेलेलं होतं, वरून दिसो न दिसो. गंज चढला की लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो; पोपडे त्यामुळेच पडतात. वरून गिलावा केला असता तर दोन वर्षांत तोही सुटून आला असता.

त्यानंतर कॉलमच्या कामावर एकही वाद झाला नाही. सैल काँक्रीट काढणं, सळ्या घासून गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर, दोन कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून नव्या काँक्रीटचं वेष्टण. हे काम त्यांच्या ठेकेदाराच्या मिस्त्रीनं फार नेटकं केलं. ओळंबा लावल्याशिवाय तो माणूस एक थापी पुढे सरकत नसे. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही आणि तेच त्याचं कौतुक.

लिफ्टवर मात्र सात बैठका गेल्या.

सोपा मार्ग सगळ्यांना माहीत होता. जिन्याच्या मागच्या बाजूला, बाहेरून लिफ्टचा सांगाडा उभा करायचा. पण मग लिफ्ट जिन्याच्या मधल्या लँडिंगवर थांबते. पुढे नऊ पायऱ्या चढा नाहीतर उतरा. जुन्या इमारतींना मागून लिफ्ट बसवतात तेव्हा बहुतेक ठिकाणी हेच होतं आणि लोक 'नऊच तर आहेत' म्हणत ते स्वीकारतात. आमच्या बैठकीतही सगळे तेच म्हणत होते. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे कुबडी घेऊन चालणारे आजोबा उठले आणि म्हणाले, "चला, आत्ताच मोजू." आम्ही सगळे जिन्यात उभे राहिलो. नऊ पायऱ्यांना त्यांना चार मिनिटं लागली. वर पोचल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की मग लिफ्ट कोणासाठी बसवताय?

बोर्दोच्या फोटोचा उपयोग तिथे झाला. मागच्या बाजूला, मूळ इमारतीवर भार न टाकता, वेगळ्या कॉलमवर प्रत्येक मजल्याला १.८ मीटर रुंदीची गॅलरी. तिच्या टोकाला लिफ्ट. गॅलरीतून थेट घरात, स्वयंपाकघराच्या दारानं. पायरी एकही नाही.

लगेच मधल्या घरातली बाई उसळली. "म्हणजे माझ्या ओट्यासमोरून सगळी इमारत जा-ये करणार? मी काय खिडकीला पडदा लावून भाजी चिरू?" तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. लिफ्टच्या टोकाच्या घरांना फायदा, मधल्यांना फक्त रहदारी.

इथे त्या दोघींनी जे केलं त्याचे मी पूर्ण गुण दिले. त्यांनी नकाशा गुंडाळून ठेवला आणि पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये फरशीवर रंगीत चिकटपट्टीनं ती गॅलरी खऱ्या मापात आखली. दोन खुर्च्यांवर आडवी फळी टाकली, तो ओटा. दोरीवर चादर टांगून तिला खिडकीएवढं भोक पाडलं. त्या बाईंना ओट्यापाशी उभं केलं आणि आम्हाला एकेक करून समोरून जायला सांगितलं. चार जण गेल्यावर बाई म्हणाल्या, "जवळून जातात हा त्रास आहे. जरा लांबून गेले तर चालेल." मग पट्टी उचलून लांब लावली. वीस सेंटिमीटर, चाळीस, साठ. साठला त्या थांबल्या.

गॅलरी भिंतीपासून साठ सेंटिमीटर सुटी बांधली आहे ती त्यामुळे. प्रत्येक दारासमोर तेवढा छोटा पूल आणि खिडक्यांसमोर फट, जिच्यातून खालच्या मजल्यांनाही उजेड उतरतो. फटीला अर्थातच कठडा आहे. जगात इतर ठिकाणीही अशा सुट्या गॅलऱ्या असतात हे मला नंतर कळलं. पण आमच्याकडची साठ सेंटिमीटर एका बाईनं फळीपाशी उभं राहून ठरवलेली आहेत आणि मी ती मोजली आहेत. ६१ भरतात.

उजेड पूर्वीइतका नाही, हेही लिहिते. तळमजल्याच्या स्वयंपाकघरांत आता दिवा आधीपेक्षा अर्धा-पाऊण तास लवकर लावावा लागतो. बैठकीत 'किंचित फरक पडेल' असं सांगितलं होतं. किंचित म्हणजे किती, हे मीच तेव्हा विचारायला हवं होतं.

आता दीड गुणांचा हिशेब.

अर्धा गुण भाडेकरूंचा. सोळांपैकी पाच घरांत भाडेकरू राहतात. पहिल्या पाच बैठकांची सूचना फक्त मालकांना गेली. धूळ, ठोकाठोक, बंद पाणी हे सगळं सोसणारी माणसं बैठकीत नाहीत आणि दुसऱ्याच गावी राहणारे मालक फोनवरून मत देतात, असा प्रकार. सहाव्या बैठकीत मी विचारलं की तुम्ही दाखवलेली बोर्दोची घरं कोणाच्या मालकीची होती? ती सामाजिक गृहनिर्माण योजनेतली, म्हणजे सगळी भाड्याचीच. ज्यांच्यासाठी त्या बाल्कन्या बांधल्या ते सगळे भाडेकरू. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पुढच्या बैठकीपासून भाडेकरू आले. मताचा अधिकार त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. तो दोष आमच्या समितीचा जास्त आहे.

उरलेला एक पूर्ण गुण पाइपचा.

तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीचं दार करायचं होतं. खिडकीखालची भिंत कापायला घेतली. नकाशात तिथे काहीही नव्हतं. कटर दोन वीत खाली गेला आणि पाण्याची धार थेट समोरच्या माणसाच्या छातीवर. टाकीवरून येणारी जुनी लाइन भिंतीत गाडलेली होती. कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा हे तिथे हजर असलेल्या नऊ माणसांपैकी एकालाही माहीत नव्हतं. पाणी दोन मजले उतरलं. खालच्या घरातलं ओट्याखालचं कपाट फुगून बसलं, त्याची दारं आजही लागत नाहीत.

शेवटी आमचा प्लंबर आला. आमच्या इमारतीचं काम तो वीसेक वर्षं बघतोय. गच्चीवर जाऊन त्यानं एका मिनिटात पाणी बंद केलं, खाली आला, कापलेल्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "ही मीच वळवली होती. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

अठरा बैठका. इतिवृत्तं माझ्याकडे फाइलमध्ये आहेत, प्रत्येकात कोण हजर, कोणाचा काय आक्षेप, सगळं टिपलेलं. अगदी 'बाईंनी पुन्हा मापाबद्दल विचारले' असंही आहे. एकातही प्लंबरचं नाव नाही. इलेक्ट्रिशियनचं नाही. जिने झाडणाऱ्या मावशींना कुठल्या पायरीवर पाणी साचतं हे पाठ आहे, त्यांनाही कोणी बोलावलं नाही. रॅल्फ अर्स्किन या आर्किटेक्टनं इंग्लंडमधल्या बायकरच्या वसाहतीचं काम करताना तिथेच, एका जुन्या अंत्यविधीच्या दुकानात आपलं ऑफिस थाटलं होतं. येणारा-जाणारा कोणीही आत डोकावायचा, हेही आम्हाला याच दोघींनी सांगितलेलं. त्यांनीही आमच्या तळमजल्यावर दर मंगळवारी टेबल मांडलं होतं. मांडलं ते संध्याकाळी सहाला. प्लंबर त्या वेळी दुसऱ्या कामावर असतो.

माफी त्यांनी मागितली, सरळ आणि सगळ्यांसमोर. कपाटाचं बोलणं मात्र ठेकेदार आणि त्यांच्यात अजून टोलवलं जातंय. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली धाकटी नकाशाच्या प्रती आणि लाल पेन्सिल घेऊन आली आणि प्लंबरबरोबर घरोघर फिरली. तो भिंतीवर टकटक करायचा, मग कागदावर रेघ ओढायचा. मी मागे मागे होतेच. मागच्या भिंतीतल्या निम्म्याअधिक लाइनी नकाशात चुकीच्या जागी निघाल्या. दोन ठिकाणी त्यानं प्रश्नचिन्ह काढलं, कारण ते काम त्याच्या आधीच्या माणसानं केलेलं. तो नकाशा आता मीटरच्या खोलीत फ्रेम करून लावला आहे, लाल रेघांसकट.

कामाला नऊ महिने सांगितले होते, चौदा लागले. याबद्दल मी गुण कापलेला नाही. त्यातले तीन तरी महिने आम्ही रंग ठरवण्यात घालवले. संध्याकाळी मोकळ्या नसतील तर ही सेवा घेऊ नका. ज्याचा आवाज मोठा त्याचं बैठकीत चालतं हे त्यांनाही पूर्णपणे थांबवता आलं नाही. चिकटपट्टी आणि फळी आणली की मोठे आवाज जरा कमी होतात, इतकंच.

आजोबा रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. नियमानुसार ती सामाईक वाट आहे, तिथे खुर्ची ठेवायची नाही. मधल्या घरातली बाई आपल्या खिडकीतून त्यांच्याशी पेपरातल्या बातम्यांवर वाद घालते, मध्ये साठ सेंटिमीटर. नियम मीच लिहिला होता, म्हणून मी तिकडे बघत नाही.

दुसऱ्या मजल्यावर पुलाच्या सांध्याशी पाणी झिरपतंय. कळवलं आहे. उत्तर आलं की गुरुवारी सकाळी अकराला येतो, प्लंबरला ही वेळ चालते का ते विचारून ठेवाल का.