लायन्सचं महागडं तिकीट: घ्यावं, पण जागा बघून

ब्रिटिश अँड आयरिश लायन्स (ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा रग्बी संघ) ऑस्ट्रेलियात १२ वर्षांनी एकदा येतात, मग तिकिटं महाग असणारच. मी २०२५ ची मेलबर्नची दुसरी कसोटी निवडली. २३-५ अशी पिछाडी भरून काढत लायन्स अगदी शेवटी ह्यूगो कीननच्या ट्रायवर (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) २९-२६ जिंकले. नव्वद हजार माणसांचा तो गदारोळ टीव्हीवर कळतच नाही. पैसे वसूल!

फक्त मेलबर्नचं एमसीजी पडलं क्रिकेटचं मैदान. वरच्या मजल्यावरून स्क्रम (चेंडूसाठी दोन्ही संघांची एकमेकांना भिडून होणारी रेटारेटी) म्हणजे मुंग्यांचं वारूळ. (दुर्बीण न्याच.) रग्बीसाठी ब्रिस्बेनचं आयताकृती मैदान सरस. राज्य संघांविरुद्धच्या सामन्यांना मात्र मी एवढे पैसे मोजणार नाही. वॉलबीजचे (ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचे) बरेचसे मोहरे तिथे उतरतच नाहीत.